फ्लो टेस्टचा कागद आणि सील न केलेला पंप

भुसावळच्या एका वाचकाने पुण्याच्या ट्यूनरकडून, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या कारागिराकडून, आपल्या मोटारीत मोठा टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र) आणि नवा फ्युएल पंप बसवून घेतला. पुढे महामार्गावर पूर्ण बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर) असताना पिस्टन वितळून इंजिन निकामी झाले. त्यांनी जळगावच्या एका गॅरेजात पंप काढून त्याची फ्लो टेस्ट, म्हणजे तो किती इंधन देतो याची चाचणी, करवली. ‘फ्लो कमी’ असा कागद मिळाला, पण ट्यूनर जबाबदारी नाकारतो. या कागदावर भरपाई मिळेल काय, असे ते विचारतात. वस्तू बदलते, परंतु हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो.

आपले प्रकरण ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 38(2) मधील तपासणीच्या तरतुदीवर उभे राहील किंवा पडेल. वस्तूतील दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग स्वतः नमुना घेऊन सील करतो व योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल साधारणतः 45 दिवसांत यावा लागतो आणि त्याची फी तक्रारदाराला भरावी लागू शकते. आपण मात्र ट्यूनरला नोटीस न देता पंप उतरवला आणि तो महिनोन्‌महिने गॅरेजच्या फळीवर उघडा पडू दिला. हा निष्काळजीपणा मला खटकतो, कारण पंप तोच होता काय, हा पहिला प्रश्न समोरचा वकील हमखास विचारील.

शिवाय त्या कागदावर दाब आणि व्होल्टेज यांची नोंदच नाही. मूळ इंधनदाब 3 बार (दाबाचे एकक) असेल आणि बूस्टनुसार तो वाढवणारा रेग्युलेटर बसवला असेल, तर 1.5 बार बूस्टला पंपाला सुमारे 4.5 बार दाबावर इंधन पुरवावे लागते, आणि दाब वाढला की पंपाचा फ्लो घटतो. चालू इंजिनात पंपाला साधारण 13.5 व्होल्ट मिळतात. नुसत्या बॅटरीवर तोच पंप कमी इंधन देतो. त्यामुळे दाब व व्होल्टेज न नोंदवता मोजलेल्या ‘कमी’ फ्लोवरून इंधन अपुरे पडून इंजिन गेले, हे सिद्ध होत नाही.

आता पंपाला पुन्हा वीज जोडू नका. ट्यूनरला लेखी कळवून, साक्षीदारांसमोर, पंपावरील क्रमांकाची छायाचित्रे घेऊन तो सील करा. पंप कोणाच्या ताब्यात होता, याचे मेकॅनिकचे शपथपत्र घ्या. आपण भुसावळला राहत असल्याने तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. तिच्यात पंप ही विकलेली वस्तू सदोष असल्याचे स्पष्ट लिहा. केवळ सेवेची त्रुटी लिहिल्यास वस्तूंसाठीची ही तरतूद लागू नाही, असा वाद निघू शकतो. तपासणीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या आणि त्यात प्रत्यक्ष बूस्टचा दाब व व्होल्टेज नमूद करून त्यावरच चाचणी मागा. प्रयोगशाळा कोणती, हे आयोग ठरवील.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 खाली हा बदल परवानगीविना होता, असा बचाव येऊ शकतो. त्याचा परिणाम बिल आणि नोंदणीपत्र पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. चाचणी लागणारी तक्रार शक्यतो पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि त्यात तक्रारदारच थकतो, हे संतापजनक आहे. म्हणून तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत पंप बसवल्याच्या तारखेपासून मोजा आणि ट्यूनरच्या तोंडी आश्वासनांसाठी थांबू नका.