तोच धडा पुन्हा का येतो

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

मागच्या वैशाखात वादळानं तुझी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळीची बाग आडवी झाली आणि यंदा मृगात लावलेल्या नव्या बागेत हरण्या रोग शिरला. "आप्पा, देव माझ्याच मागे का लागलाय?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा तुझा आवाज इतका थकलेला होता की मी उत्तर दिलं नाही. आज लिहितो.

देव मागे लागलेला नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात पावसाळ्याआधीचं वादळ काही नवं नाही. केळीच्या खोडात लाकूड नसतं, एकावर एक बसलेले पानांचेच थर असतात. त्यावर भरलेला घड लोंबत असताना वारा सुटला की झाड मोडणारच. म्हणून तर आपल्याकडची जुनी माणसं लागवडीसोबतच वारा अडवायला बागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावायची. बाग पडल्यावर तू पंचनामा करून घेतलास, कर्ज काढलंस, पुन्हा उभा राहिलास. त्या हिमतीचं मला फार कौतुक आहे. पण नवी लागवड करताना बांधाची जागा वाया जाते म्हणून शेवरी टाळलीस. वाऱ्यानं दिलेला धडा तू निम्माच घेतलास, भाऊ. उरलेला निम्मा घेईपर्यंत तो येत राहणार.

हरण्याचंही तसंच. हा काकडीवरचा मोझॅक विषाणू. मावा ही बारीक कीड तो पसरवते, आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांवर, बांधाच्या तणावर तो जगतो. तू दोन ओळींमध्ये काकडी घेतलीस, खर्च निघावा म्हणून. रोग लागलेल्या झाडाला औषध नाही. फवारणीनं फार तर मावा आवरतो. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे दिसले की ते झाड कंदासकट उपटून बागेबाहेर पुरायचं. पोटरीइतकं वाढलेलं, लांबून हिरवंगार दिसणारं झाड उपटायला हात धजत नाही, हे मला माहीत आहे. 'चार दिवस बघू' असं मन म्हणतं. त्या चार दिवसांत मावा शेजारच्या ओळीवर जातो.

तू श्रद्धेबद्दल विचारलंस. कोथळीहून मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरीला निघते. वाट महिनाभराची, आणि वरून खानदेशी ऊन. मागच्या साली चाललो म्हणून यंदाचं चालणं कुणाला माफ होत नाही. तरी माणसं निघतात. फळ आज दिसत नसतानाही आजचं काम आजच करणं, एवढीच श्रद्धा मला कळते. हात जोडून बागेत नुसतं बसून राहणं तीत बसत नाही. उद्या पहाटे पुन्हा पानं उलटून बघायचा तुला कंटाळा येईल. येऊ दे, तरी बघ.

आता एवढं कर. काकडीचे वेल आजच काढ, बांध साफ कर. रोज सकाळी ओळीनं फीर, रोगट झाड दिसलं की त्याच वेळी उपट. नांग्या, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा, भरताना खात्रीची निरोगी रोपं आण, स्वस्तातली नकोत. शेवरी या भादव्यातच टाक, वैशाखापर्यंत ती डोक्यावर जाते. घड भरू लागले की झाडांना टेकू द्यायला विसरू नकोस. शेवरीचं बी माझ्याकडे आहे. रविवारी ये, घेऊन जा, आणि येताना आईलाही आण.

तुझा,
आप्पा