पक्षाघातानंतर सासऱ्यांना 'पाणी' म्हणता येत नाही, पण गणपतीची आरती घडाघडा म्हणतात. बोलायचा कंटाळा करतात का? त्यांना कोणता राग ऐकवावा?

कंटाळा नाही, ढोंग नाही, हट्ट तर मुळीच नाही. घरात जे कोणी "आरती येते म्हणजे बोलता येतं, मुद्दाम करतात" म्हणत असेल, त्यांना आधी हे वाचायला द्या. रागाचं नंतर बघू.

उजवा हात-पाय लुळा, समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, तोंडून मात्र 'हो' आणि एखाददुसरा शब्द, असं तुम्ही लिहिलंय. हे डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसल्याचं चित्र आहे. त्याला ब्रोका अफेझिया म्हणतात (अफेझिया म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं). आणि यात गाणं शाबूत राहणं ही नवलाई नाही, जुनी नोंद आहे. 1745 साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन याने एका माणसाचं वर्णन लिहून ठेवलं. उजवी बाजू पूर्ण लुळी, वाचा गेलेली, 'हो' सोडून शब्द नाही, बाकी सगळा व्यवहार हाताच्या खुणांनी. पण आजारापूर्वी पाठ असलेली चर्चमधली भजनं तो धडधाकट माणसासारखी स्पष्ट म्हणायचा. दालिनने दोन बारकावे टिपलेत, ते नीट वाचा. एक, सुरुवातीला कुणीतरी सोबत गाऊन त्याला थोडा हात द्यावा लागे. दोन, तशीच सोबत मिळाली तर काही प्रार्थना तो न गाताही म्हणायचा, चढ्या आवाजात, पण एका ठरावीक लयीत.

म्हणजे चाल नसली तरी चालत होतं, लय मात्र लागत होती. 2011 मध्ये लाइप्झिगच्या संशोधकांनी 17 जर्मन अफेझियाच्या रुग्णांकडून तेच शब्द गाऊन आणि नुसते ठेक्यात म्हणवून घेतले. निष्कर्ष हाच की गाण्यामुळे वेगळा फायदा दिसला नाही. फरक पडला तो ठेक्याने, आणि शब्द किती पाठ आहेत याने.

आरतीत प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. एकदा धक्का दिला की गाडी उतारावरून जाते. एक ते वीस आकडे, वारांची नावं, पाढे, 'अगं बाई' आणि शिव्या, हे सगळं याच जातीचं. (शिवी अगदी स्पष्ट निघते आणि घरचे हादरतात. संस्कार कुठेही गेलेले नाहीत.) 'पाणी' म्हणताना मात्र शब्द निवडायचा, 'पा' आणि 'णी' क्रमाने लावायचे आणि ओठ-जिभेला हुकूम सोडायचा, आणि नेमकी हीच कामं डावा मेंदू करत असतो. खात्री करायची असेल तर त्यांना आरतीच्या तिसऱ्या ओळीतला फक्त दुसरा शब्द विचारा. येणार नाही.

म्हणूनच रोज पाहुण्यांसमोर आरती म्हणवून घ्यायची, व्हिडिओ काढायचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर 'बाबा बोलायला लागले' टाकायचं, याला मी व्यायाम मानत नाही. आरती म्हणून आरतीच सुधारते. करमणूक म्हणून, त्यांना आनंद होतो म्हणून, खुशाल म्हणवा.

व्यायाम कसा असतो ते सांगतो. 1973 मध्ये बोस्टनच्या आल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी मेलॉडिक इंटोनेशन थेरपी मांडली, म्हणजे रोजची वाक्यं सुरात आणि ठोक्यावर म्हणवून घेण्याची पद्धत. सासऱ्यांच्या समोर बसा, म्हणजे त्यांना तुमचे ओठ दिसतील. त्यांचा डावा, चांगला हात तुमच्या हातात घ्या. वाक्य रोजच्या गरजेचं आणि दोन-तीन अक्षरांचं: 'पाणी दे', 'चहा दे', 'नको'. फक्त दोन सूर वापरा, सा आणि कोमल ग एवढं अंतर पुरे. आवाज नैसर्गिकपणे जिथे चढतो तिथे वरचा सूर. सेकंदाला साधारण एक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराला त्यांचा हात टेबलावर एकदा टेकवायचा.

आधी तुम्ही नुसतं गुणगुणा, हात चालू. मग शब्दांसह दोघं मिळून. मग तुम्ही अर्ध्यात आवाज काढून घ्या, त्यांनी पुढे न्यायचं. मग तुम्ही म्हणून थांबा, त्यांनी एकट्याने म्हणायचं. शेवटी लगेच विचारा, "काय म्हणालात?" उत्तर तेच वाक्य. एखादी पायरी अडली तर मागच्या पायरीवर या, पण त्याच वाक्यावर दहा वेळा डोकं आपटू नका, दुसरं घ्या. हे जमू लागलं की उत्तराआधी पाच-सहा सेकंद थांबवायचं. मग हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्यापर्यंत आणायचं. ही शेवटची उतरंड बहुतेक घरी होतच नाही, आणि माणूस आयुष्यभर 'पाणी दे' गातच राहतो.

मराठीत लोक हमखास चुकतात ते ठोके मोजताना. ठोके उच्चाराला द्यायचे, लिहिलेल्या अक्षराला नाही. 'घर' एक ठोका, 'खिडकी' दोन (खिड-की), 'बाहेर' दोन. सुरुवातीला जोडाक्षरं टाळा. प, ब, म घ्या, कारण ते ओठांवर दिसतात. दुसरी चूक म्हणजे ओळखीच्या गाण्याची चाल लावणं. 'पाणी दे' आरतीच्या चालीत बसवलंत तर तोंडून आरतीचेच शब्द बाहेर पडतील, मग चिडाल दोघंही.

किती दिवस, हे विचारलं नाहीत, पण विचाराल. बोस्टनच्या नंतरच्या अभ्यासांत दीड-दीड तासाची, आठवड्याला पाच दिवस, अशी पंचाहत्तरच्या आसपास सत्रं होती. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं करून 'काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

'बोलणं गेलं म्हणजे समज गेली' हा दुसरा आरोप. रशियन संगीतकार विस्सारिओन शेबालिन यांना 1953 आणि 1959 मध्ये पक्षाघाताचे झटके आले. दुसऱ्यानंतर बोलणं आणि दुसऱ्यांचं बोलणं कळणं दोन्ही फार बिघडलं. तरी विद्यार्थ्यांच्या रचना तपासणं चालूच राहिलं, आणि 1962 मध्ये पाचवी सिंफनी पुरी झाली. न्यूरोसायकॉलॉजिस्ट लुरिया आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ही केस प्रसिद्ध केली. सगळेच शेबालिन नसतात, मान्य. पण समज तपासायची तर ग्लास हातात धरून "पाणी हवं?" विचारून तपासू नका, तिथे मान ग्लास बघून हलते. वस्तू न दाखवता दहा प्रश्न विचारा, हो-नाही मिसळून: "तुम्ही बाई आहात का?", "दिवा छताला आहे का?", "कोंबडी दूध देते का?" पाच बरोबर आले तर ते नाणेफेकीइतकंच आहे. काहींची मान 'हो'साठी आडवी आणि 'नाही'साठी उभी हलते, तेही बघा.

गाणं लागलं की रडतात, असं लिहिलंय. प्रसंगाच्या मानाने फार जास्त, काही क्षणांत सुरू, काही क्षणांत बंद, आणि विचारलं तर 'दुःख नाही' अशी खूण, असं असेल तर भावनांवरचा ब्रेक सैल झालाय. गाणं बंद करून समजूत काढत बसू नका, विषय बदला, थांबेल. पण दिवसचे दिवस उदास, जेवण-झोप बिघडलेली, व्यायामाला नकार, असं असेल तर ते नैराश्य. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला होतं. दोन्हींवर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

आता राग. या आजाराला हा राग, त्या आजाराला तो, असे तक्ते फॉरवर्ड होतात. अफेझियासाठी अमुकच राग लागतो याला पुरावा नाही. पुरावा आहे तो हेलसिंकीच्या 2008च्या अभ्यासाचा: पक्षाघातानंतर लगेच, रोज किमान तासभर, दोन महिने, स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता ऑडिओबुक ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली, आणि काहीच न ऐकवलेल्यांपेक्षा मनही कमी खचलं. आवडीचं, हे महत्त्वाचं. त्यांना लावणी आवडत असेल तर लावणी लावा. सुनेला संकोच वाटत असेल तर हेडफोन आहेत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वरची पद्धत ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांच्यासाठीच. जे भराभर बोलतात पण अर्थ लागत नाही, त्यांना उपयोग नाही. याच पद्धतीच्या नेदरलँड्समधल्या चाचण्यांत सराव केलेली वाक्यं सुधारली. सराव न केलेल्या बोलण्यात फरक कमी, आणि वर्ष उलटून गेलेल्यांत आणखी कमी. तेव्हा वाक्यं निवडताना रोज लागणारीच निवडा. सुरुवात स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय इथे हा विभाग आहे. तोंडात घास असताना सराव नको. श्रवणयंत्र असेल तर आधी लावा.

आणि "बोललात तरच पाणी देईन" हा प्रयोग कुणी करत असेल तर आजच बंद करा. पाणी आधी द्या, हात ठोक्यावर नंतर.