सोलापुरात बघायचं तरी काय?

प्रश्न : माझं वय ५८. डॉक्टरांनी सांगितल्यापासून धर्मवीर संभाजी तलावावर रोज सकाळी चालते. मोबाइलवर सहा हजार पावलं झाली की घरी. पण जाम कंटाळा येतो. सून म्हणते, "आई, थंडीचा निसर्ग बघत चाला." आपल्याकडे ना धबधबे, ना दाट झाडी. बघायचं तरी काय?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : ताई, पावलं मोजत मीही त्याच तलावाला दोन वर्षं चकरा मारल्या. विचाराल तर पाण्याचा रंगसुद्धा सांगता आला नसता. मग गुडघा धरला आणि कट्ट्यावर बसावं लागलं. पुढ्यात चिमणीपेक्षा जरा लांबट, काळा-पांढरा पक्षी. दोन पावलं पळायचा, थांबायचा, शेपटी खालीवर आपटायचा, की पुन्हा पळायचा. त्याला धोबी का म्हणतात ते तेव्हा कळलं! थंडीपुरता उत्तरेकडून येतो, उन्हाळा लागायच्या आत परत जातो. दोन वर्षं तो माझ्या पायातच फिरत असणार.

आपल्याकडची थंडी ती काय, दहा वाजता स्वेटर काखेत येतो. म्हणून बघायचं ते उजाडतानाच. एखाद्या रविवारी चालण्याला सुट्टी द्या आणि ओळखीच्या कुणाच्या तरी रानात जा. माझ्या मेव्हण्याचं रान नान्नजकडे आहे. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी असते, कडेनं करडईचे काटे. ते सगळं सोडून मी हरभऱ्यापाशी उकिडवा बसतो. गुडघा कुरकुरतो, पण बसतो. पान अगदी डोळ्याजवळ धरायचं. त्यावर बारीक लव असते आणि लवेच्या टोकाला मोहरीहूनही लहान थेंब. ऊन तिरपं आलं की अख्खी फांदी साखरेत घोळल्यासारखी दिसते. बोट लावून जिभेवर ठेवा, आंबटढाण! नुसतं दव नव्हे ते, झाडानं स्वतः सोडलेलं आम्ल असतं. त्यालाच आंब म्हणतात. माझी आई रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरायची, पहाटे पिळून आंब चिनी मातीच्या बरणीत भरायची. पोट दुखलं की त्यातलीच चमचाभर.

ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरताना दिसला तर नशीब समजा. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं पार मध्य आशियाकडून येतात. मेव्हण्यासमोर मात्र त्यांचं कौतुक करू नका. तो गोफण घेऊन उभा असतो, आणि त्याचंही खरं आहे.

चालणं सोडू नका, नाहीतर तुमचे डॉक्टर माझ्यावर उखडतील. शेवटची हजार पावलं तेवढी कट्ट्यावर बसून काढा, मोबाइल पिशवीत टाकून. आणि हरभऱ्यात शिरताना चप्पल काढू नका. लहानपणी मी काढली होती, आंबेनं टाचांच्या भेगा अशा चुरचुरल्या की शाळेत लंगडत गेलो.