वकीलताईंना विचारा : घोणस चावली, आधी अनामत भरा म्हणाले

प्रश्न : ताई, नमस्कार. सोयाबीन खुरपताना माझ्या भावजयीला घोणस चावली. 108 ला फोन केला, तर जवळची गाडी बाळंतिणीला घेऊन गेलेली. शेजाऱ्याच्या जीपमधून तालुक्याला खासगी दवाखान्यात नेलं, तिथं ‘आधी अनामत भरा’ म्हणाले. मग सरकारी दवाखाना गाठला. वाचली. पण अशांना कायद्याचा काही धाक नाही का?
– एक शेतकरी, ता. भूम

उत्तर : दादा, तिला मोटारीनं उडवलं असतं तर उत्तर सोपं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सांगतं की, अशा जखमीवर डॉक्टरनं कागदपत्रांसाठी न थांबता उपचार करायचे. घोणशीला काही ते कलम लागत नाही! परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1989 सालीच सांगितलं की जीव वाचवणं सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. निकाल तुमच्या बाजूचा. पण अनामतीची पावती फाडणाऱ्या पोराला तो वाचून दाखवणार कोण?

त्याला राज्याचा स्पष्ट कायदाच लागतो : तक्रार कुणाकडे, दंड किती आणि बिल कोण भरणार. यातलं शेवटचं कलमच कायदा तारतं किंवा बुडवतं. अनामत मागणारा प्रत्येक डॉक्टर कसाई नसतो, बुडीत बिलं त्यानंही सोसलेली असतात. राजस्थाननं 2023 च्या आरोग्य हक्क कायद्यात आगाऊ पैसे न घेता तातडीचे उपचार बंधनकारक केले, सर्पदंशही त्यात घातला आणि रुग्णानं बिल न भरल्यास ते सरकारकडून मिळण्याची तरतूद केली. तरी खासगी डॉक्टरांनी संप केलाच.

आता गाडीचं. आपली 108 सेवा 2014 पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, हे चांगलंच. पण ती ठेक्यावर चालते. करार सरकार आणि ठेकेदाराचा, त्यात तुम्ही कुठंच नाही. गुजरातनं या सेवेसाठी 2007 मध्येच वेगळा कायदा केला. आरोग्य राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत आहे, म्हणजे आपल्यालाही दिल्लीकडं बघत बसायचं कारण नाही.

ग्रामसभेत ठराव घ्या, आमदारांना द्या आणि अशासकीय विधेयक (मंत्री नसलेला आमदार स्वतः मांडतो तो कायद्याचा मसुदा) मांडायला सांगा. सोबत 108 ला फोन केल्याची वेळ आणि सरकारी दवाखान्यातला केसपेपर जोडा. मोबाइलमधली ती नोंद तेवढी पुसू नका.