विवाल्डीच्या ‘ग्लोरिया’तला बेस नेमकं कोण गात होतं?

तुम्ही विचारलंय की इटालियन संगीतकार विवाल्डीचं ‘ग्लोरिया’ हे चर्चमधलं स्तुतिगीत व्हेनिसच्या अनाथाश्रमातल्या मुलींसाठी लिहिलं म्हणतात, पण त्यात टेनर आणि बेस हे एरवी पुरुष गातात ते खालचे आवाजही आहेत, मग ज्या जाळीआड त्या मुली गायच्या तिच्यामागे पुरुषही लपून गायचे का?

नाही हो. तो बेसही बायकाच गायच्या. मी पुण्यात एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते आणि डिसेंबरच्या तालमी सुरू झाल्या की हा वाद आमच्याकडे निघतोच.

सगळा घोळ ‘मुली’ या शब्दाने केलाय. ओस्पेदाले देला पिएता, म्हणजे तो अनाथाश्रम, ही संस्था टाकून दिलेली तान्ही बाळं सांभाळायची. मुलगे थोडे मोठे झाले की हातकाम शिकून बाहेर पडत. मुलींमध्ये जिला सुराचं अंग असे तिला संगीत शिकवत, आणि लग्न झालं नाही किंवा मठात गेली नाही तर ती जन्मभर तिथेच राही. त्यामुळे ‘कॉयरच्या मुली’ म्हणवणाऱ्या कित्येकजणी चाळिशी-पन्नाशीच्या असत. आडनाव नसायचं, मग कामावरून ओळख. व्हायोलिनवाली आना मारिया ‘दाल व्हायोलिन’ फार गाजली. तशाच कागदपत्रांत ‘दाल तेनोर’ आणि चक्क ‘दाल बासो’ही सापडतात.

आता आवाज इतका खाली जाईल का? हार्मोनियमवर बघा. काळी पाचमध्ये गाणारी बाई मंद्र पंचमापर्यंत आरामात उतरते. कॉयरचा बेस त्याच्याही बराच खाली जातो. अभ्यासकांत इथे दोन तट आहेत. एक म्हणतो, काही बायका खरोखरच तिथपर्यंत पोचत. दुसरा म्हणतो, खालच्या जागा त्या एक सप्तक वर गात आणि तळ चेलो, व्हायोलोन (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य), ऑर्गन सांभाळत. मला वाटतं दोन्ही होत असावं, ज्या दिवशी जो गळा हाताशी असेल तसं. पहिल्या तटाला हसू नका मात्र. आमच्यातले एक बेसवाले काका ‘अशक्य’ म्हणाले, तेव्हा मी त्यांना फोनवर गंगूबाई हनगल लावून दिल्या. पुढचा अर्धा तास काका गप्प होते.

खुद्द रचनेतही एक खूण आहे. त्यातली एकट्या-दुकट्या गळ्याची पदं बघा: ‘लाउदामुस ते’ दोन सोप्रानोंचं (बायकांचा वरचा आवाज), ‘दोमिने देउस’ सोप्रानो आणि ओबो या फुंकवाद्याचं, ‘क्वी सेदेस’ आल्टोचं. एकटा गाणारा टेनर किंवा बेस अख्ख्या ‘ग्लोरिया’त नाही. विवाल्डी १७०३ पासून तिथे व्हायोलिन शिकवत होता. १७१३ मध्ये कॉयरचे प्रमुख गास्पारिनी निघून गेले आणि धार्मिक रचनांचं काम त्याच्याकडे आलं. ‘ग्लोरिया’ साधारण १७१५चं मानतात. आपल्याला त्यात पुरुषांचे आवाज ऐकायची सवय आहे ती फार अलीकडची: विवाल्डीची हस्तलिखितं १९२०च्या दशकात इटलीतल्या तुरिनला आली आणि १९३९ मध्ये सिएनात कासेला या संगीतकाराने ‘ग्लोरिया’ पुन्हा उभं केलं.

व्हेनिसला गेलात तर समुद्राकाठचं पिएता चर्च ‘विवाल्डीचं’ म्हणून दाखवतील. ते त्याच्या मृत्यूनंतर पुरं झालं. तो १७४१ मध्येच व्हिएन्नात वारला.

फक्त बायकांनी गायलेली रेकॉर्डिंग्ज आता मिळतात. त्यातलं दुसरं पद ऐका, ‘एत इन तेर्रा पाक्स’, म्हणजे ‘आणि पृथ्वीवर शांती’. तिथे सुरुवात बेसच करतो, मग एकेक आवाज वर चढत येतो. मिश्र कॉयरमध्ये हे खालून जमीन हलल्यासारखं वाटतं. बायकांकडून ऐकलं की चारही आवाज एकमेकांना इतके चिकटून येतात की कोण कुठे संपलं ते कळत नाही. गेल्या वर्षी आमचे दोन बेसवाले आजारी पडले आणि साठीच्या एक काकू त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना पत्ताही लागला नाही.