गाडगेबाबा आणि तुझा प्रश्न

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘संत म्हणजे माणसाच्या स्वभावात मुळातच असलेल्या चांगुलपणाची प्रतीकं’ असं वर्गातल्या चर्चेत कुणीतरी मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तुला मात्र ते पटेना. का पटत नाही तेही नेमकं सांगता येईना, असं लिहिलंस. मलाही ते पटत नाही. संतांना आपण फार मानतो म्हणूनच पटत नाही. त्या वाक्यात त्यांनी उपसलेले कष्ट कुठेच दिसत नाहीत, आणि ते कुणामुळे उपसावे लागले हेही दिसत नाही.

एकच माणूस घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. गाडगेबाबा.

देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजातल्या घरातला. वडील दारूपायी गेले. आई लहानग्या देबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथे त्यानं गुरं राखली, शेतात राबला, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की काय होतं ते जवळून पाहिलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना दारू-मटणाचं जेवण घालायचं हा जातीचा रिवाज. देबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद बिथरले.

इथे जरा थांब. पुढची धर्मशाळांची, घाटांची, कीर्तनांची सगळी कामं मोठी आहेतच, पण मला हे बारसं महत्त्वाचं वाटतं. दारूनं बाप नेला होता. रिवाजाखातर कर्ज काढणारी घरं अवतीभवती होती. हा चांगुलपणा त्यांच्यात जन्मजात साठवलेला होता असं मला वाटत नाही; समोर चाललेली नासाडी पाहून त्यांनी ठरवलं, आणि चारचौघांचा राग ओढवून घेऊन ठरवलं. आणि पंगतीतून रागानं उठलेले ते भाऊबंद? तेही माणसंच होते. मनुष्यस्वभाव म्हणून दाखवायचा तर दोघांना एकत्र दाखवावं लागेल.

चोखोबांच्या बाबतीत तर हे लपवताच येत नाही. ज्यांचे अभंग वारकरी भक्तिभावानं गातात, त्या चोखामेळ्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. ते देऊळ दलितांना खुलं व्हायला 1947 साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं अभंग गाणारे आणि दार अडवणारे पुष्कळदा तेच लोक होते. ‘संत हे आपल्या चांगुलपणाचं प्रतीक’ असं म्हणताना त्या ‘आपल्या’मध्ये दार अडवणाऱ्यांनाही अलगद जागा मिळते. माझा राग त्यावर आहे.

गाडगेबाबांनी यावर काय केलं ते बघ. दलित वारकऱ्यांना पंढरपुरात उतरायला कुणी जागा देईना, तर त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली आणि तिला चोखामेळ्यांचं नाव दिलं. पुढे ती वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः मात्र देवळात दर्शनाला जात नसत. गावात शिरले की आधी खराटा हातात. रस्ता, ओढ्याचा काठ, देवळाभोवतीची घाण, सगळं झाडून काढायचं. भाकरी मागायची तर आधी कुणाची तरी लाकडं फोडून द्यायची. रात्री कीर्तनाला उभे राहिले की शास्त्र सांगत नसत, वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारत. देवापुढे बकरं का कापता? पोरांना शाळेत का घालत नाही? सणासाठी कर्ज का काढता? उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत, आणि एकदा चारचौघांत स्वतःच्या तोंडून उत्तर दिलं की माणसाला ते सहज नाकारता येत नाही. कुणी पाया पडायला वाकलं तर त्यांना खपत नसे.

आता तुला अवघड वाटेल असं एक लिहिते. 1905 साली ते घर सोडून निघाले तेव्हा मागे आई होती, बायको होती, लेकरं होती. कुंताबाईंनी ते कसं निभावलं असेल? पुढे बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत असताना मुलगा गोविंदा गेल्याचा निरोप आला आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं त्यांच्या चरित्रात येतं. व्याख्याते ही गोष्ट वैराग्याचा कळस म्हणून सांगतात. मला मात्र दर वेळी कुंताबाई आठवतात. बाबांच्या कामाची किंमत त्यांनीही मोजली, आणि ती मोजायची आहे का असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे लिहिल्यानं बाबा माझ्या मनातून उतरत नाहीत. पण त्यांना निव्वळ चांगुलपणाचं चिन्ह केलं की कुंताबाई चित्रातून पुसल्या जातात, आणि ते मला मान्य नाही. तू ज्या संतांचं चरित्र वाचशील त्यात घरातल्या बायकांचं काय झालं हे शोधायची सवय लाव. बहुतेक वेळा दोन ओळींपेक्षा जास्त सापडणार नाही, तरीही शोध.

दुसरी सवय आजच्या काळासाठी. संत, बाबा, महाराज म्हणवणाऱ्या कुणासमोर बसशील तेव्हा त्याच्या दिवसाचा हिशेब माग. सकाळी उठून तो काय करतो? आलेला पैसा कुठे जातो? त्याला प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं? गाडगेबाबांच्या हयातीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कुणालाही उघड्या डोळ्यांनी दिसत होती. माणसाला प्रतीक मानलं की हे प्रश्न विचारणंच पाप ठरतं, आणि बुवाबाजीला नेमकं तेच हवं असतं.

बाबा 20 डिसेंबर 1956 ला गेले, डॉ. आंबेडकरांनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. माझं स्मारक करू नका, मूर्ती उभारू नका, असं ते बजावून गेले होते. आपण पुतळे उभारले, विद्यापीठाला नाव दिलं, स्वच्छता अभियानाला नाव दिलं. अभियानानं काही गावं खरोखर पालटली, ते मी नाकारत नाही. पण दरवर्षी फोटोपुरता नवा कोरा झाडू धरून उभे राहणारे पाहिले की जीव तुटतो.

तू मुंबईत आहेस म्हणून सांगते. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी लांबून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. हातात तपासण्यांची फुगलेली फाईल, पिशवीत औषधं, आणि उद्या कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे ठाऊक नाही, अशी गावाकडची माणसं. एखाद्या रविवारी जा, व्यवस्थापकांना विचार काय लागतं. इंग्रजी कागद वाचून दाखवायला किंवा रुग्णालयातल्या रांगेत सोबत उभं राहायला माणूस हवं असेल. ते म्हणतील तेवढंच कर, फोटो काढू नकोस, आणि पहिल्या दोन-तीन खेपांत कंटाळा आला तरी जात राहा. मग वर्गातल्या त्या वाक्याबद्दल आपण पुन्हा बोलू, तुझं मत माझ्यापेक्षा वेगळं झालं तरी चालेल.

आजीबद्दल विचारलंस. ती रोज विठ्ठलाच्या आणि तुकोबांच्या तसबिरीला हार घालते, तिला हे सगळं सांगावं का? मुद्दाम सांगायला जाऊ नकोस. ती पहाटे काकडा म्हणते तेव्हा शेजारी बस आणि तिला एखादा चोखोबांचा अभंग येतो का विचार. बायकांच्या ओव्या तर नक्कीच येत असतील, त्या लिहून घे. मलाही पाठव.

तुझी,
बाई