‘सेट’ बसवायचा कुठे?

गोरेगावला परदेशी मालिकांचं मराठी डबिंग लिहिणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘सेट’ला मराठीत नेमका एक शब्द कोणता? एकाच भागात तो त्यांना सात वेळा भेटला आणि दरवेळी ‘संच’ लिहून काही भागेना. त्या वाक्यांची यादीच त्यांनी पाठवली आहे.

भागणारच नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत या क्रियापदाचे 430 च्या आसपास अर्थ दिलेले होते. पुढे कोशाच्या दुरुस्तीत ‘रन’ने 645 अर्थांसह पहिला नंबर पटकावला, तरी ‘सेट’ काही लहान झाला नाही. तेव्हा एक शब्द मागू नका. त्यापेक्षा या शब्दाचं खानदान कळलं तर काम सोपं होतं.

‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. सदन, संसद, परिषद या शब्दांतला संस्कृत ‘सद्’ हा धातू आणि ‘सिट’ एकाच मूळ घरातले. आपलं ‘बसणे’ मात्र त्या घरातलं नव्हे; ते ‘उपविश्’वरून, ‘बैसणे’ होत होत आलं. रक्ताचं नातं नाही, पण स्वभाव बघा. हाड निखळलं तर हाडवैद्य ते बसवतो, इंग्रजीत डॉक्टर ते सेट करतो. सोनार अंगठीत खडा बसवतो, तिथेही सेटच. पण गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसवतात, तिथे ‘सेट’ चालत नाही. घसा बसतो, धक्का बसतो, धंद्यात जम बसतो, तिथेही नाही. आपल्या ‘बसणे’चे अर्थ मोजायला कुणी बसलं तर (हा आणखी एक) त्याचीही बरीच वर्षं जातील.

जिथे ‘बसवणे’ अडतं तिथे बहुतेक वेळा ‘लावणे’ धावून येतं. गजर लावतात, आग लावतात, कवितेला चाल लावतात. इंग्रजीत हे तिन्ही सेटच. रात्री विरजण लावलं की सकाळी दही लागतं, तेही सेट. फ्रीजमधल्या दह्यालाही ‘सेट झालं का?’ विचारणारे लोक आता आपल्याच घरात आहेत, त्यांच्याशी मी भांडत नाही. सूर्याला मात्र ना बसवता येतं ना लावता. तो मावळतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेटलगँग’ म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं. दिवसभर उन्हातून फिरून घरी येऊन टेकणारा सूर्य! मला ही कल्पना फार आवडते, पण डबिंगमध्ये ‘सूर्य टेकला’ लिहू नका.

आता ‘संच’वाला सेट. या नामात दुसरंच पाणी मिसळलेलं आहे. ते लॅटिन ‘सेक्टा’वरून, म्हणजे अनुयायांचा गट, पंथ, अशा अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आलं आणि बसवण्याच्या ‘सेट’मध्ये मिसळून गेलं. नववीच्या गणितात ‘संच’ ठीक. घरात नको. कपड्यांचा जोड असतो, पत्त्यांचा कॅट, मडक्यांची उतरंड. छापखान्यात तर टाइप सेट करणं म्हणजे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणं. मुंबईत 1869 साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्यात कितीतरी संस्कृत-मराठी ग्रंथ असेच खिळा खिळा जुळवून छापले गेले.

आणि लोकलमध्ये कानावर पडणारा सेट? ‘पोरगा सेट झाला’, ‘टेन्शन नको, सगळं सेट आहे’. इंग्रजीत या क्रियापदाचं भूतकाळी रूपही सेटच, त्यामुळे शेपटाला ‘होणे’ किंवा ‘करणे’ जोडलं की आपलं काम झालं. ‘पोरगा सेट झाला’मध्ये ‘सेटल’चीही सावली आहे, आणि ‘सेटल’ही त्याच आसनाच्या कुळातला. ‘सेटिंग’ तर मुंबईने पुरतं आपलंसं केलं आहे. कंत्राट मिळवण्यासाठी साहेबाशी सेटिंग आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलीशी सेटिंग, दोन्हींना एकच शब्द. मराठीत मात्र साहेबाशी साटंलोटं असतं आणि मुलीशी सूत जुळतं. इथे आपली भाषा जास्त नीट बघते, असं माझं प्रामाणिक मत.

ताई, तुमच्या यादीतली दोन वाक्यं राहिली. आई मुलीला टेबल ‘सेट’ करायला सांगते, तिथे ‘टेबल मांड’ नको; ‘पानं घे’ लिहा. पडद्यावर काचेच्या बश्या दिसत असल्या तरी बिघडत नाही. आमच्याकडे डायनिंग टेबलावर स्टीलची ताटं ठेवतानाही ‘पानं घे गं’च म्हणतात, केळीचं पान वर्षातून एकदा दिसतं.

दुसरं, ‘हिज माइंड इज सेट’. त्याचं मन कुठेही बसवू नका. ‘त्याचं ठरलंय.’ मूळ वाक्य बोलताना चार ठोके पडतात, यातही चारच. ओठांना जुळतंय का, तेवढं माइकसमोर तपासून घ्या.